तळं कुणाचं, विहीर कुणाची? बॅरिस्टर बाबासाहेबांचा नऊ वर्षं चाललेला दावा आणि आपला नाशिक जिल्हा

नाशिक : उन्हाळा लागला की येवला, नांदगाव, चांदवड, सिन्नर या भागात पाण्याचा विषय निघतो. विहिरी तळाला जातात, टँकर सुरू होतात आणि मग प्रश्न येतो, ही विहीर नेमकी कुणाची? गावाची, ग्रामपंचायतीची की वाड्यावरच्या चार घरांची? पाणी कुणी भरायचं आणि कुणी नाही, हे कोण ठरवणार?

हा प्रश्न आजचा नाही. नव्वद वर्षांपूर्वी हाच प्रश्न थेट मुंबई हायकोर्टात गेला होता. त्या दाव्यात पहिल्या प्रतिवादीचं नाव होतं भीमराव रामजी आंबेडकर. बाबासाहेब घटनाकार होते हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण ते वकील होते, खेड्यापाड्यातल्या माणसाच्या केसेस चालवत होते, स्वतः दाव्यात अडकले आणि तो दावा शेवटपर्यंत लढले, हे फारसं सांगितलं जात नाही. जयंतीला मिरवणूक निघते, फोटोला हार पडतो, पण त्यांनी कोर्टात काय केलं याची चर्चा पारावर होत नाही. त्यातलं बरंचसं आपल्या नाशिक जिल्ह्याशी जोडलेलं आहे. म्हणून ही माहिती.

सनदेलाही पैसे नव्हते

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ ला महू इथं झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. मूळ गाव कोकणातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते १९०७ ला मॅट्रिक झाले. पुढं बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून १९१६ ला लंडनला. अर्थशास्त्राबरोबर ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीलाही नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ ला शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं.

करारानुसार बडोदा संस्थानात नोकरी धरली. तिथं शिपाई लोक विटाळ नको म्हणून फायली लांबून टाकायचे. राहायला खोली मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत उतरले होते, तिथून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. परदेशात शिकून आलेला माणूस बडोद्याच्या बागेत सामान घेऊन बसला होता. नोकरी सोडून ते मुंबईला परतले.

मग सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरकी केली. पगारातले पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिले. १९२० ला पुन्हा लंडन गाठलं. बॅरिस्टरी पुरी केली, डी.एस्सी. पदवी मिळवली आणि १९२३ ला परत येऊन मुंबईत वकिली सुरू केली. वकिलीची सनद काढायला लागणारे पैसेही त्या वेळी जवळ नव्हते. तेही भथेना यांनीच दिले.

सनद मिळाली म्हणून काम मिळतं असं नाही. तेव्हा हायकोर्टात मोठं काम सॉलिसिटरमार्फत यायचं. अस्पृश्य बॅरिस्टरला कोण काम देणार? म्हणून बाबासाहेब जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या कोर्टात जाऊन केसेस चालवायचे. घर चालवायला एका संस्थेत व्यापारी कायदा शिकवायचे. परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं ऑफिस होतं. तिथं गोरगरीब लोक कागद घेऊन यायचे.

पहिल्या गाजलेल्या केसेसपैकी एक १९२६ ची, पुण्यातली. 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक दिनकरराव जवळकरांनी लिहिलं आणि केशवराव जेधे यांनी छापलं. त्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. खालच्या कोर्टात शिक्षा झाली. अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि शिक्षा रद्द झाली. जेधे, जवळकर हे ब्राह्मणेतर चळवळीचे पुढारी. म्हणजे बाबासाहेब फक्त आपल्या समाजाच्याच केसेस घ्यायचे, असं म्हणता येणार नाही. पुढं १९३४ ला संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुरावरून अश्लीलतेचा खटला झाला. त्यातही बाबासाहेब कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले. ती केस ते हरले, कर्व्यांना दंड झाला. पण लोकांनी प्रश्न विचारले आणि संपादकानं शास्त्रीय उत्तर दिलं तर त्यात गुन्हा काय, हा मुद्दा त्यांनी कोर्टात मांडला.

चाळीसगावचा टांगा

१९२९ ची गोष्ट. सरकारनं अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला एक समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. आपल्या नांदगावच्या पलीकडं, खानदेशात एका गावानं अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. त्याची चौकशी करायला ते गेले. परत येताना चाळीसगावच्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह धरला.

स्टेशनवर टांगा आणायला बराच उशीर झाला. टांगा निघाला आणि थोड्याच अंतरावर एका मोटारीला धडकता धडकता वाचला. पुढं नदीवरच्या फरशीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडावर आपटले, घोडा आणि टांगा खाली गेला. पाय मोडला. मग खरं काय ते कळलं. एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून न्यायला तयार नव्हता. टांगा भाड्यानं मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. पाहुण्याला पायी नेणं बरं दिसत नाही म्हणून वस्तीतल्याच एका माणसानं लगाम हाती धरला. त्याला टांगा हाकता येत नव्हता.

ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. बॅरिस्टर झाला, सरकारी समितीवर गेला, तरी गावच्या रस्त्यावर त्याची किंमत टांगेवाल्याच्या लेखी शून्य होती. माणूस शिकला की आपोआप हक्क मिळतात, हा समज इथं खोटा ठरतो.

महाडला काय झालं?

आता मुख्य दाव्याकडं येऊ. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशानं बांधलेली किंवा सरकारच्या ताब्यातली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेनं १९२४ ला आपलं चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. पण कागद कागदावरच राहिला. तळ्यावर जायची कुणाची हिंमत नव्हती.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये परिषद भरली. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण कार्यकर्तेही त्यात होते. २० मार्चला लोक रांगेनं तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीनं पाणी घेतलं, मागोमाग सगळ्यांनी घेतलं. थोड्या वेळात गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. मग जमाव काठ्या घेऊन आला आणि जेवायला बसलेल्या लोकांना मारहाण झाली. पुढं तळ्याचं शुद्धीकरणही केलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला जुना ठरावच मागं घेतला.

बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. तेव्हा समोरच्या बाजूनं वेगळा डाव टाकला. १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या दिवाणी कोर्टात दावा दाखल केला आणि दोन दिवसांत मनाई हुकूम मिळवला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत अस्पृश्यांनी तळ्यावर जाऊ नये, असा तो हुकूम.

२५ डिसेंबरला हजारो लोक महाडला जमले होते. लोकांची तुरुंगात जायची तयारी होती. हुकूम मोडायचा की पाळायचा? बराच खल झाला. शेवटी बाबासाहेबांनी हुकूम पाळायचं ठरवलं. त्याच दिवशी मनुस्मृतीचं दहन झालं, नंतर तळ्याच्या बाजूनं शांततेत मिरवणूक निघाली, पण पाण्याला कुणी हात लावला नाही. काही लोक नाराज झाले. पण बाबासाहेबांचा हिशेब वेगळा होता. मनाई हुकूम तात्पुरता असतो. भांडण सरकारशी नव्हतं, हक्क नाकारणाऱ्यांशी होतं. हक्क आहे हे कोर्टाच्या तोंडून एकदा वदवून घेतलं की तो कायमचा होतो.

कोर्टापुढं दोनच प्रश्न

आपल्याकडं बांधाची, रस्त्याची भांडणं रोजची आहेत. त्यामुळं हा दावा शेतकऱ्याला पटकन समजेल. वादींचं म्हणणं दोन मुद्द्यांवर उभं होतं.

पहिला मुद्दा मालकीचा. तळं सरकारी किंवा सार्वजनिक नाही, ते भोवतालच्या लोकांचं खाजगी आहे, असं ते म्हणाले.

दुसरा मुद्दा वहिवाटीचा. मालकी कुणाचीही असो, पण फार पूर्वीपासून इथं अस्पृश्य पाणी भरत नाहीत. ही जुनी वहिवाट आहे आणि कायद्यानं ती मोडता येत नाही, असा त्यांचा दावा.

यात समजून घ्यायची गोष्ट म्हणजे पुराव्याचा भार. जो दावा लावतो त्यानं तो सिद्ध करायचा असतो. 'असं पूर्वीपासून चालत आलंय' एवढं म्हणून भागत नाही. वहिवाट किती जुनी, तिला आधार काय, ती कधी मोडली गेली का, मोडली तेव्हा कुणी अडवलं का, हे सगळं दाखवावं लागतं. शेतातून जायच्या रस्त्याच्या केसमध्ये तहसीलदार जे प्रश्न विचारतो, जवळपास तेच इथं होते.

फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला. दावा मात्र चालू राहिला. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टानं निकाल दिला, वादी हरले. ते ठाणे जिल्हा कोर्टात अपिलात गेले. ३० जानेवारी १९३३ ला ते अपील फेटाळलं गेलं. मग हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी दुसरं अपीलही फेटाळलं.

हायकोर्टानं तळ्याचं वर्णन केलं आहे. चार ते पाच एकरांचं तळं, पावसाच्या पाण्यावर आणि काही झऱ्यांवर भरणारं, चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते आणि रस्त्यापलीकडं बहुतेक सवर्णांची आणि काही थोडी मुसलमानांची घरं. तळं खाजगी असल्याचं वादींना दाखवता आलं नाही, ते नगरपालिकेच्या ताब्यातलं ठरलं. राहिली वहिवाट. तीही फार प्राचीन काळापासूनची असल्याचं सिद्ध झालं नाही. भोवती सवर्णांची घरं होती, म्हणून अस्पृश्य तिकडं येत नव्हते. पण येत नव्हते याचा अर्थ त्यांना येण्याचा हक्क नव्हता असा होत नाही. कुणी भीतीनं वापर करत नसेल तर तेवढ्यावरून दुसऱ्याचा हक्क तयार होत नाही.

नऊ वर्षं तीन महिने चाललेल्या दाव्याचं सार एवढंच. एकाच वेळी चळवळ, राजकारण, गोलमेज परिषदा, आजारपण हे सगळं सांभाळून बाबासाहेबांनी तारखा सोडल्या नाहीत.

नाशिकचं काळाराम मंदिर

महाडचा दावा कोर्टात असतानाच नाशिकला मोठा लढा उभा राहिला. २ मार्च १९३० ला पंचवटीत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दुपारी निघालेली मिरवणूक मैलभर लांब होती, असं त्या वेळचं वर्णन आहे. मंदिराचे दरवाजे बंद करून घेतले होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटावर गेली, तिथं सभा झाली. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी दरवाजांपुढं जाऊन बसली. गांधीजींची दांडी यात्रा निघाली ती यानंतर, १२ मार्चला.

९ एप्रिलला रामाचा रथ निघणार होता. रामाच्या रथाची दोरी दोन्ही बाजूंच्या लोकांनी ओढायची असं ठरलं होतं. पण ऐनवेळी रथ दुसरीकडून पळवला गेला, दगडफेक झाली, बाबासाहेबांनाही लागलं. पुढं मंदिर बरेच महिने सगळ्यांनाच बंद राहिलं. दरवाजा उघडला तर 'ते' आत येतील, म्हणून देवाचं दर्शन स्वतःलाही बंद करून घेतलं. जिल्ह्यात अनेक गावांत सत्याग्रहींचं काम बंद झालं, रस्ता अडवला गेला, दुकानातून माल मिळेना.

नाशिकचा हा लढा जागेवर सांभाळला भाऊराव कृष्णराव गायकवाड यांनी. लोक त्यांना दादासाहेब म्हणत. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. बाबासाहेब लंडनला गोलमेज परिषदेत असताना इकडं लोकांना धीर देणं, तुकड्या पाठवणं, पत्रानं खबर कळवणं हे काम दादासाहेब आणि अमृतराव रणखांबे यांच्यासारखे कार्यकर्ते करत होते.

मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून मत कळवलं. मंदिर प्रवेशासाठी आता शक्ती घालवू नये, ती शिक्षणाकडं आणि राजकारणाकडं वळवावी, असं त्यांचं म्हणणं होतं. मंदिर हा शेवटचा मुक्काम कधीच नव्हता. लोक जागे व्हावेत, आपल्या हक्कासाठी उभं राहायला शिकावेत, हा उद्देश होता आणि तो पुरा झाला होता.

येवल्याची घोषणा

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात परिषद झाली. आपण हिंदू म्हणून जन्मलो हे हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही, असं बाबासाहेबांनी तिथं जाहीर केलं. पाच वर्षांच्या सत्याग्रहानंतर त्यांनी हा निष्कर्ष काढला होता. त्यानंतर एकवीस वर्षं विचार करून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. येवल्यातली ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते.

शेतकऱ्यासाठी आणलेली विधेयकं

बाबासाहेब १९२७ पासून मुंबईच्या विधिमंडळात होते. पहिला मोठा घाव त्यांनी महार वतनावर घातला. हे वतन म्हणजे काय? जमिनीचा छोटा तुकडा आणि बलुतं द्यायचं, त्या बदल्यात घरातल्या कुणालाही रात्री-अपरात्री सरकारी कामाला बोलवायचं. तुकडा पिढ्यान् पिढ्या वाटला जाऊन आणखी लहान होत गेला, काम मात्र तेवढंच राहिलं. १९२८ ला त्यांनी वतन कायद्यात बदलाचं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही.

१९३६ ला त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाचे आमदार निवडून आले, त्यात नाशिकचे दादासाहेब गायकवाडही होते. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी कोकणातली खोती पद्धत रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोत म्हणजे सरकार आणि कुळ यांच्या मधला वसुलदार. तो कुळाकडून वाटेल तेवढं घ्यायचा. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्यात कुणबी, आगरी, महार अशा सगळ्या जातीची कुळं होती. नोव्हेंबर १९३८ मध्ये संपावर बंधनं घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध कामगारांचा एक दिवसाचा संप झाला, त्यातही ते पुढं होते.

दोन्ही विधेयकं त्या वेळी पडून राहिली, पण विषय मेला नाही. खोती १९४९ च्या कायद्यानं गेली आणि कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्यानं. आपल्याकडं आजही काही सातबाऱ्यांवर वतनाची जमीन 'भोगवटादार वर्ग २' म्हणून दिसते. तिची विक्री सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय चालत नाही. ही अट वतनदाराच्या वारसांची जमीन कवडीमोलानं जाऊ नये म्हणून आहे. स्टँपपेपरवर सही देण्याआधी सातबारा आणि जुने फेरफार बघायचे ते यासाठी.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. कारखान्यातल्या कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती त्याच काळातली. सातपूर, अंबडच्या कंपन्यांत आपली जी पोरं आठ तासांची शिफ्ट करून घरी येतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

तळ्याचं पाणी घटनेत कसं आलं?

२९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली, बाबासाहेब अध्यक्ष झाले. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली गेली. कलमं पुष्कळ आहेत, पण गावच्या माणसाला चार-पाच माहीत असावीत.

कलम १५ मध्ये लिहिलं आहे की सरकारी पैशातून पूर्ण किंवा थोड्याफार प्रमाणात चालणाऱ्या, किंवा लोकांच्या वापरासाठी दिलेल्या विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापराला धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येणार नाही. दुकानं आणि हॉटेलंही यात आली. हे कलम वाचलं की चवदार तळं डोळ्यापुढं येतं. महाडला जो मुद्दा सिद्ध करायला नऊ वर्षं लागली, तो इथं एका कलमात बसवला आहे. पुन्हा कुणाला वहिवाटीवर वाद घालायला जागाच ठेवली नाही.

कलम १७ नं अस्पृश्यता बंद केली. कलम २३ नं वेठबिगार बंद केली. कलम ३२ नं मूलभूत हक्क मोडला तर थेट सुप्रीम कोर्टात जायचा अधिकार दिला. घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी याच कलमाला घटनेचा आत्मा म्हटलं होतं. ते वकील होते. ज्या हक्कासाठी कोर्टाचं दार वाजवता येत नाही तो हक्क नुसता शोभेचा, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

हरलेल्या निवडणुका

स्वतंत्र भारताचे ते पहिले कायदामंत्री. बायकांना वारसाहक्क, घटस्फोट यांचा हक्क देणारं हिंदू कोड बिल त्यांनी मांडलं. ते रखडलं म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढं त्या बिलाचे तुकडे करून १९५५-५६ मध्ये वेगवेगळे कायदे झाले. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत बाबासाहेब मुंबईतून पडले. १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले. राज्यसभेवर मात्र होते. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं.

त्यांच्यामागं नाशिकच्या दादासाहेबांनी काम थांबवलं नाही. १९५७ ला ते नाशिकमधून लोकसभेवर गेले. १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला त्यांनी भूमिहीनांना पडीक जमिनी मिळाव्यात म्हणून सत्याग्रह केला, हजारो लोक तुरुंगात गेले. गावोगावच्या गायरानाचा प्रश्न तिथून पुढं आला.

आज आपल्या गावात अडचण आली तर?

कायदा आहे म्हणून भेदभाव पूर्ण संपला, असं कुणी म्हणणार नाही. पाणवठा, स्मशानभूमी, मिरवणुकीचा रस्ता यावरून वाद होतात. अशा वेळी हाणामारी करून उपयोग नाही. बाबासाहेबांनी दाखवलेली वाट कागदाची आहे.

* पहिलं, मालकीचा कागद काढा. विहीर, तळं, रस्ता सार्वजनिक आहे का, हे सातबाऱ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत बघा. कुणी देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.
* दुसरं, तक्रार तोंडी ठेवू नका. लेखी द्या, पोच घ्या, तारीख लिहा.
* तिसरं, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक पाण्यापासून, रस्त्यापासून, स्मशानभूमीपासून अडवणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. यासाठी १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.
* चौथं, गावकीनं किंवा जातपंचायतीनं वाळीत टाकलं तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे. तो सगळ्या जातींना लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.
* पाचवं, वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते. महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतर गरिबांना उत्पन्नाच्या मर्यादेत. त्यासाठी १५१०० हा नंबर आहे.

खोटी केस करायची नाही आणि खरी केस अर्ध्यात सोडायची नाही. अनेक प्रकरणं तिथंच मरतात. दोन तारखा झाल्या की साक्षीदार फिरतात, गावातलं कुणीतरी मध्ये पडतं, चहा होतो आणि मिटवामिटवी होते. ज्याचा हक्क गेला तो तिथंच राहतो.

महाडच्या लोकांनी १९२७ च्या डिसेंबरात तळ्याच्या काठावरून तहानलेलं परत जायचं कबूल केलं होतं. त्यातले किती जण १९३७ चा निकाल ऐकायला जिवंत होते, कुणी मोजलं नाही. पण त्यांच्या नातवंडांना नळाला तोंड लावताना जात सांगावी लागू नये, याची सोय ते करून गेले. आपल्या गावच्या विहिरीवर ती सोय आहे की नाही, हे आता गावानंच बघायचं आहे.